धारूरच्या घाटात सांडलेली मोहरी

"थांबव! थांबव म्हणते ना मुडद्या, गाडी थांबव!"

धारूरच्या घाटातलं अवघड वळण. माझी जीप कागदावर नऊ माणसांची. त्या दिवशी आत एकवीस माणसं होती, दोन शेळ्या होत्या आणि एक कोंबडी होती. वडवणीचा बाजार करून सगळी मंडळी केजला परत निघालेली. असली गाडी घाटात थांबवणं म्हणजे डोंगरालाच जरा सरक म्हणण्यासारखं. पण त्या आवाजाला न थांबणारा ड्रायव्हर आमच्या तालुक्यात अजून जन्मला नव्हता. मी ब्रेकवर उभाच राहिलो. माणसं पुढं आली, शेळ्या मागं गेल्या, कोंबडी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही.

"पाय वर घ्या समदे! माझी मोहरी सांडली!"

मागं वळून पाहिलं तर काकू अर्धवट उभी. डावा हात छातीशी गच्च दाबलेला आणि उजव्या हातानं ती परक्या माणसांचे पाय उचलून बाजूला ठेवतेय, जसे काही पाय नव्हेत, पोती आहेत. पत्र्यावर मोहरीच मोहरी. कोंबडी तेव्हा सापडली. सीटखाली बसून ती निवांत टिपत होती. पुढं महिनाभर तिच्या अंड्यांच्या पोळीला वेगळी फोडणी लागली नाही, असं तिची मालकीण शपथेवर सांगायची. मी ती पोळी खाल्लेली आहे, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा.

मी खाली वाकून मोहरी गोळा करायला लागलो आणि हाताला एक पिशवी लागली. ओंजळीएवढी. जांभळ्या ब्लाउजच्या कापडाची, गोल शिवलेली, वर दोन हूक, एका बाजूनं शिवण उसवलेली. मी आपला मोठ्यानं विचारून मोकळा झालो, "काकू, ही कसली पिशवी?"

बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकूनं पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली.

"मसाल्याची. चालव गाडी."

केज येईपर्यंत तिनं छातीवरचा हात काढला नाही. आणि मी, जो झोपेतसुद्धा बोलतो असं माझी बायको सांगते, तो स्टँडपर्यंत एक शब्द बोललो नाही.

काकू म्हणजे स्टँडसमोरच्या किराणा दुकानाची मालकीण. लिंगायत घर, तीन पिढ्यांचं दुकान. माझी जीप नंबरला लागते ती बरोबर त्या दुकानापुढं, त्यामुळं पंधरा वर्षं मी तिला रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाहत होतो. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला तुम्ही कधी बसलेलं पाहिलं नाही. काकू बसायची नाही. गिऱ्हाईक असलं तर उभी, नसलं तर पोती हलव, डबे पूस, फळ्या आवर. डबे संपले की समोर येऊन माझ्या जीपची काच पुसायची आणि वर मला शिव्या द्यायची. दुकानात तिच्यासाठी एक स्टूल होतं. ते इतकं नवंकोरं होतं की त्यावर दुकानाच्या उद्घाटनाचा हार ठेवला असता तर शोभला असता.

दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा होता. तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तिच्या स्वतःच्या समाधानासाठी सासऱ्याच्या वेळची पितळी तागडी होती. हात उंच करून ती तागडी धरायची, दांडीला करंगळीनं एक टिचकी मारायची आणि दांडी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघायची. दांडी आडवी झाली की मगच श्वास सोडायची. कुणी काहीही सांगो, तिचं एकच उत्तर: "काट्याला लाव."

शेजारच्या पोरीला बाळ झालं, नर्सनं वजन कमी आहे म्हणून सांगितलं, सगळं घर रडायला लागलं. काकू म्हणाली, "काट्याला लाव," आणि बाळ तागडीत, समोरच्या पारड्यात गुळाची ढेप. बाळ ढेपेला भारी पडलं. आता ढेप एका बाजूनं खाल्लेली होती ही गोष्ट वेगळी, पण रडणं थांबलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे म्हणाले, पोरगी फार शांत आहे. काकू हळूच मला म्हणाली, "काट्याला लाव आधी." मी लावलं नाही. आज कुणाला खात्री करायची असेल तर आमच्या घरी संध्याकाळी यावं.

काका तिच्या अगदी उलट. गल्ल्यामागं पेपर उघडून बसलेले. दिवसाला चार शब्द, त्यातला एक "हं". मी एकदा त्यांना सांगितलं की तुमच्या दुकानाला आग लागली. त्यांनी पान उलटलं, मला वाटतं आगीची बातमी कोणत्या पानावर आहे ते बघायला.

तर त्या दिवशी स्टँडवर सगळी उतरली, काकू उतरली नाही. मागून पुढच्या सीटवर येऊन बसली. ती बसली म्हणजे काहीतरी वाईट आहे, एवढं मला कळलं.

"ऐक मुडद्या," ती म्हणाली. "तुला ठाऊकच हाय माझं ऑपरेशन झालं ते."

ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी गाठ निघाली, कॅन्सर निघाला, डावं स्तन काढून टाकलं. औषधांनी केस गेले, परत आले. सगळ्या केजला ठाऊक होतं. पण आपल्याकडं अशा गोष्टी ठाऊक असतात आणि ठाऊक नसल्यासारखं वागायचं असतं.

"एक बाजू भरलेली, एक रिकामी. चालताना उजवीकडं ओढल्यासारखं होतं. म्हणून ही पिशवी. आतून हुकावर लावते. आज शिवण उसवली आन् तू एकवीस माणसांत विचारलंस."

मला गाडीखाली जाऊन झोपावंसं वाटलं. "काकांना ठाऊक हाय?"

"मालकाला? पेपरातून डोकं वर काढलं तर ठाऊक व्हईल ना. ते पूजेला बसले की मी डब्यातनं मोहरी काढते. कुणाला न्हाई ठाऊक. आता तुला हाय. म्हणजे समद्या जिल्ह्याला हाय."

मी नाही सांगितलं. हे आज पहिल्यांदा सांगतोय, आणि तेही का ते शेवटी कळेल.

पिशवीचाही मोठा इतिहास होता. आधी तिनं मूग भरून पाहिले. उन्हाळा, घाम, दुकानातली धावपळ. तिसऱ्या दिवशी मुगांना मोड आले. हे ती सांगायची, मी नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की त्या मोडांची उसळ चांगली झाली असती. मग साबुदाणा. त्याचा गोळा झाला. मग राजगिरा, तो इतका हलका की पिशवी गळ्याशी यायची. शेवटी मोहरी. मोहरी बरी, ती अंगाच्या आकाराला बसते आणि हलली तरी आवाज करत नाही. पण वजन किती भरायचं? दुसरी बाजू काही पारड्यात ठेवता येत नाही. म्हणून काकू सकाळी दुकान उघडण्याआधी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालून बघायची. पाय पट्ट्यावरून सरकला की चिमूटभर घाल, पुन्हा चाल. मी कितीदा तिला तसं चालताना पाहिलं होतं आणि बायकोला सांगितलं होतं की काकू कसलंतरी व्रत करतेय.

एक गोष्ट मात्र पिशवीनं झाली नाही. पोत्यावर वाकलं की ती पुढं लोंबायची. तागडी उंच धरली की वर सरकायची. त्यामुळं एक हात कायम छातीशी. एका हातानं तागडी धरता येते, पण दुसऱ्या हातानं माल घालावा लागतो. वर्षभर ती तागडी खिळ्याला टांगलेली होती. मला वाटत होतं, बाई थकली.

मोहरीनं घामात अंगावर पुरळ उठलं, म्हणून ती पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेली. नेणारा मीच. बाईंनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि हसल्या नाहीत, हे काकूला फार आवडलं. बाई म्हणाल्या, याच्यासाठी ऑपरेशन आहे. पोटाच्या खालच्या भागाची कातडी आणि चरबी काढायची, तिच्या रक्तवाहिनीसकट, आणि तिचं स्तन घडवून छातीवर बसवायचं. बारीक रक्तवाहिन्या यंत्राखाली बघून जोडायच्या.

"म्हणजे बाहेरचा माल न्हाई?" काकूनं विचारलं.

"नाही. तुमचाच."

"घरचाच माल," काकू म्हणाली आणि स्वतःच्या पोटाकडं असं पाहिलं, जसं गोदामात विसरलेलं पोतं सापडावं. "हे तर माझ्याकडं लई पडून हाय."

बाईंनी पुढचंही सांगितलं. आठ-नऊ तास लागतात. जोडलेली रक्तवाहिनी कधी बंद पडते, मग सगळं वाया जातं. पोटाला ही मोठी जखम. काही दिवस अंथरुणावरून हलायचं नाही. काकूनं सगळं ऐकलं आणि फक्त शेवटच्या वाक्याला घाबरली. "हलायचंच न्हाई?"

घरी वादळ झालं. काकूची धाकटी जाऊ, मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. "या वयात कावून अक्का? सून आणायचं वय हाय. कुणाला दाखवायचंय?" ती हे रोज म्हणायची. काकू रोज वेगळं उत्तर द्यायची. एकदा म्हणाली, तहसीलदाराला दाखवायचंय. एकदा म्हणाली, पोट कमी करायचंय, छाती फुकट मिळतेय. जाऊबाई पदर तोंडाला लावून पळाली. मीही एकदा विचारलं, "खरंच कावून, काकू?"

"तुझ्या जीपचा एक टायर काढून टाकला तर तू चालवशील का बे?"

"न्हाई."

"आन् त्याच्याजागी मोहरीचं पोतं बांधलं तर?"

काका पेपरामागं म्हणाले, "हं." त्या महिन्याचं त्यांचं सगळ्यात लांब भाषण.

ऑपरेशनच्या दिवशी नर्स म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. मंगळसूत्र काढलं, काकूनं काही म्हटलं नाही. पण गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून ती उभी राहिली. लिंगायताच्या अंगावरचं लिंग अंगावरून उतरत नाही. लहानपणी मिळालं की मरेपर्यंत छातीशी. ती म्हणाली, "हे उतरवायचं असंल तर मी चालले केजला." नर्स म्हणाली, छातीवर काही ठेवता येणार नाही. दोघीही बरोबर होत्या, म्हणून दोघी ओरडत होत्या. तेव्हा काका उठले. तिच्या गळ्यातला लिंगाचा चांदीचा करंडक उघडला, लिंग काढून पांढऱ्या कापडात बांधलं आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढं काकूचा उजवा हात धरून विचारलं, "इथं चालंल?" बाई म्हणाल्या, चालेल. त्यांनीच मनगटावर पट्टी गुंडाळून दिली. मला तेव्हाही वाटलं, या माणसाला बोलता येतं म्हणजे.

नऊ तास लागले. मी दवाखान्याच्या आवाराला इतक्या फेऱ्या मारल्या की रखवालदार सलाम करायला लागला. शुद्धीवर आल्यावर काकूचा पहिला प्रश्न बाईंनी बाहेर येऊन हसत सांगितला: "किती भरलं?" ते खरंच वजन करतात हो, काढलेल्या मांसाचं. मला ते खोटं वाटलं होतं, आणि मला खोटं पटकन ओळखू येतं. बाईंनी आकडा सांगितला तर काकू म्हणाली, "पुन्हा काट्याला लावा."

मग सुरू झाली खरी परीक्षा. गुडघे वाकवून उताणं पडायचं. कुशीवर नाही, हात वर नाही. नर्स दर तासाला यायची, नव्या जागेचा रंग बघायची, बोटानं दाबून बघायची, पेनासारखं एक यंत्र टेकवायची. आतून सूं-सूं-सूं आवाज यायचा, रक्त वाहत असल्याचा. काकू त्या आवाजावर जगत होती. नर्सला उशीर झाला की ओरडायची, "ये बाई, माझं दुकान चालू हाय का बघ!" पाय नुसते चादरीखाली चालत असायचे. जाऊबाई म्हणाली, अक्का पडल्या पडल्या केजला जाऊन आली असेल.

आणि चहा बंद. चहानं रक्तवाहिन्या आवळतात, नर्सनं बजावलं होतं. तंबाखू बंद, गार बंद, ते ठीक. पण चहा? आमच्याकडं माणूस आजारी पडलं की आधी चहा नेतात, मग विचारतात काय झालंय. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत काकूनं मला डोळ्यांनीच खुणावलं. "अर्धा कप. मेले रे मी पडून पडून." मी बाहेरून आणला. रिकाम्या औषधाच्या डब्यातून. अर्धा कप म्हणाली होती, मी पाऊण दिला.

तासाभरानं नर्स आली, यंत्र टेकवलं, सूं-सूं आलं नाही. दुसरीकडं टेकवलं. नाही. कातडीचा रंग जांभळट झाला होता, त्या पिशवीच्या कापडासारखा. धावपळ झाली. स्ट्रेचरची चाकं खडखडली, दारं आपटली. काकू जाताना माझ्याकडं बघत होती, आणि पहिल्यांदाच तिनं शिवी दिली नाही.

मी वऱ्हांड्यात काकांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "काका, मी चहा दिला तिला. माझ्यामुळं झालं." त्या माणसानं मला कानाखाली द्यायला हवी होती. त्यांनी शेजारी बसायला जागा केली. पाच तास आम्ही तिथं बसलो. मी इकडं-तिकडं उठत होतो, ते प्रत्येक वेळी सदरा ओढून मला खाली बसवत होते.

बाई बाहेर आल्या. शीर पिळली गेली होती, रक्त तुंबलं होतं, मोकळं केलं, आवाज परत आलाय. मी चहाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "चहानं नाही झालं. पण पुन्हा आणलात तर तुम्हाला इथं भरती करीन." मी तिथंच रडलो. जीप चालवणारा माणूस रडताना बरा दिसत नाही, म्हणून भिंतीकडं तोंड केलं.

परत आली तेव्हा काकू कमरेत वाकून चालत होती. पोट ओढायचं. महिन्या-दोन महिन्यांत सरळ झाली. आणि एक दिवस सकाळी मी नंबरला जीप लावली तर दुकानात ती दोन्ही हातांनी पोत्यावर वाकलेली. छातीशी हात नाही. माल भरला, सरळ झाली, खिळ्यावरची तागडी काढली, उंच धरली, टिचकी मारली. दांडी थांबेपर्यंत तिनं श्वास रोखला. मीही रोखला.

"काय बघतो रे मुडद्या? गाडी भर."

जाऊबाई मात्र वेगळीच खंत करायची. "अक्काचं पोट पोरीसारखं झालं बघा. मलापण हवं होतं." काकू म्हणाली, "ये, तुझं पोट कुणाला लावायचं ते बघू. अख्ख्या केजला पुरंल."

तेव्हा मला दुकानात अजून एक गोष्ट दिसली होती, पण मी तिच्यावर विचार केला नाही. आधीच्या वर्षी मोहरीचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आला होता, हात उंच न करता घेता येईल असा. काका अधूनमधून पेपरावर मोहरी ओतून चाळत बसायचे, खडे वेचत. काकू म्हणायची, जावेनं डबा खाली ठेवलाय, मालकाला काही उद्योग नाही. ऑपरेशननंतर डबा परत वर गेला. मला वाटलं, कुणीतरी आवराआवर केली.

दोन वर्षं गेली. मग पाठ दुखायला लागली. पुण्याला नेलं, बाईंनी फोटो पाहिले आणि काकूला खुर्ची दिली. यावेळी ती बसली. रोग हाडात उतरला होता. परत येताना घाटात तिनं मला गाडी हळू घ्यायला सांगितली, आणि हळू घेतल्यावर म्हणाली, "एवढी हळू नको, मेले न्हाई मी अजून."

चार महिन्यांनी गेली. लिंगायतांत माणसाला आडवं पुरत नाहीत, बसवतात. मांडी घालून, तळहातावर लिंग ठेवून. इतक्या वर्षांत जिला मी दुकानात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, तिला सगळ्यांनी धरून बसवलं. मी माती टाकली आणि मागं न बघता जीपमध्ये जाऊन बसलो. इंजिन चालू केलं, बंद केलं, चालू केलं. जायचं कुठंच नव्हतं.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. मी तिथंच उभा होतो. जाऊबाई डबे पुसत होती, डोळेही पुसत होती. ती वाईट बाई नाही, पण बोलून गेली.

"अक्कानं एवढं पोटाचं काढून छातीला लावून घेतलं, दोनदा कापून घेतलं. शेवटी गेलीच. काय उपयोग झाला भावजी?"

काकांनी पेपराची घडी केली.

"दोन वर्षं मोहरी बांधली न्हाई तिनं."